छाया स्थिरावली

भर दुपारी खोलीची दारे-खिडक्या लावून घेतल्यावर, खिडकीच्या फळीला एखादे बारीक भोक असले, तर समोरच्या भिंतीवर मोठा मौजेचा देखावा दिसतो. बाहेरचे झाड, रस्त्याने जाणारी माणसे, वरचे आकाश ही सारी तेथे उमटतात, मात्र उलटी! प्रकाश सरळ रेषेत जातो. म्हणून झाडाच्या शेंड्याकडून येणारे किरण भोकातून भिंतीच्या खालच्या भागावर पडतात व बुंध्याकडचे वरच्या भागावर. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या पंडिताने या चमत्काराचा अभ्यास केला होता. पुढे युरोपातील चित्रकारांनी खोलीऐवजी पेटी घेतली, भोकाच्या जागी भिंग बसविले, आणि आत पडलेल्या प्रतिमेवरून पेन्सिल फिरवून ते चित्रे रेखाटू लागले. ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘खोली’ असा आहे.

प्रतिमा अशी सहज मिळे, पण टिकत नसे. खिडकी उघडली की ती नाहीशी होई.

रुप्याचे काही क्षार उजेडात काळे पडतात, हे अठराव्या शतकात शास्त्रज्ञांस ठाऊक झाले होते. इंग्लंडातील टॉमस वेजवुड याने असा क्षार कागदावर व चामड्यावर लावला, त्यावर झाडाची पाने ठेवली आणि ते उन्हात धरले. भोवतालचा भाग काळवंडला. पानाखालचा पांढरा राहिला. या प्रयोगांची हकीकत १८०२ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु चित्र पाहण्यासाठी उजेडात आणावे, तो उरलेला पांढरा भागही काळा होऊ लागे. बिचाऱ्याला आपली चित्रे मेणबत्तीच्या मंद प्रकाशातच पाहावी लागत!

फ्रान्समधील नीसेफोर न्येप्स याने निराळी वाट धरली. डांबराच्या एका जातीवर प्रकाश पडला म्हणजे ते कठीण होते. त्याने कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर या डांबराचा लेप दिला व तो पत्रा कॅमेऱ्यात घालून खिडकीशी ठेवला. नंतर लव्हेंडरच्या तेलाने धुताच मऊ राहिलेले डांबर निघून गेले व कठीण झालेले उरले. हे चित्र १८२६ किंवा १८२७ मधील आहे. ते उमटण्यास निदान आठ तास, कदाचित काही दिवसही लागले असावेत. तोवर सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. त्यामुळे त्या चित्रात इमारतींच्या दोन्ही बाजूंवर ऊन पडलेले दिसते.

न्येप्सचा भागीदार लुई दागेर याने रुपे चढविलेला तांब्याचा पत्रा घेतला व त्याला आयोडिनची वाफ दिली. कॅमेऱ्यातून काढल्यावर त्यावर काहीच दिसत नसे. पण पाऱ्याची वाफ लागताच लपलेले चित्र प्रकट होई. पाऱ्याची वाफ विषारी असते, हे येथे सांगितलेले बरे. त्याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. म्हणून धावत्या गाड्या व चालती माणसे त्यात उमटलीच नाहीत. एक गृहस्थ मात्र बूट पुसून घेण्यासाठी थांबला होता. तेवढा तो उमटला, आणि आपण इतिहासात शिरलो याची त्याला वार्ताही नसावी! फ्रेंच सरकारने दागेरला वर्षासन देऊन १९ ऑगस्ट १८३९ रोजी ही कृती जाहीर केली.

चित्र टिकविण्याचा खरा उपाय जॉन हर्शेल याच्या हाती होता. ‘हायपो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षाराच्या पाण्यात रुप्याचे क्षार विरघळतात, हे त्याने १८१९ मध्येच दाखविले होते. प्रकाश न लागलेला क्षार हायपोने धुऊन टाकला, की पुढे काळे पडावयास काही उरतच नाही. वेजवुडला नेमके हेच हवे होते.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याला चित्रकला साधत नसे. त्या चिडीतूनच तो या विद्येकडे वळला. त्याने कागदावर उलट छायेचे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, तयार केले. त्यात पांढरे ते काळे व काळे ते पांढरे दिसे. त्याखाली दुसरा कागद ठेवून प्रकाश दिला, की सुलट छायेचे चित्र मिळे. आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. दागेरच्या पत्र्याची अशी प्रत निघत नसे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कागदाऐवजी काच वापरली. मात्र काचेवरचा कलोडियनचा लेप ओला असतानाच सारे काम उरकावे लागे. त्यामुळे छायाचित्रकार प्रवासाला निघाला, की काचा, औषधांच्या बाटल्या व अंधारा तंबू यांचे बिऱ्हाड त्याच्याबरोबर निघे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तो हाच काळ. उष्ण हवेत लेप लवकर वाळे, म्हणून येथे घाई अधिकच. पुढे कोरड्या काचा आल्या, आणि १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कॅमेरा विकावयास काढला.

१९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या अमेरिकन अभियंत्याने रुप्याचा क्षार वगळून कॅमेरा बनविला. त्यातील एक चित्र फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आजच्या मोबाइलमध्ये सिलिकॉनच्या तुकड्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घरावर जितका प्रकाश पडेल, तितका विद्युद्भार तेथे साठतो. तो मोजून त्याचा आकडा केला जातो, आणि त्या आकड्यांवरून चित्र पडद्यावर मांडले जाते. भिंगातून आत येणारी प्रतिमा मात्र त्या तुकड्यावरही उलटीच पडते. ती सुलट करून दाखविण्याचे काम यंत्र करते.