शेडमध्ये मोकाट, लॅबमध्ये नखरे!

तुमच्या ओळखीत कुणाची पोल्ट्री असेल, तर त्यांना फक्त 'रक्ती हगवण' एवढं म्हणून बघा. लगेच कपाळाला हात जाईल. पुस्तकात या रोगाला कॉक्सिडिओसिस म्हणतात. तो होतो आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे. शेडमधल्या ओलसर तुसात त्याची कवचबंद ऊसिस्ट पडलेली असतात. दाणे टिपताना पिल्लं ती गिळतात आणि परजीवी आतड्याच्या पेशी फोडत सुटतो. जगभरात यामुळे वर्षाला सुमारे १०.४ अब्ज पौंडांचा फटका बसतो, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

आता गंमत ऐका. शेडमध्ये आवरता न येणारा हा प्राणी लॅबमध्ये मात्र वाढता वाढत नाही.

पद्धत तशी सरळ आहे. ऊसिस्टचं कवच काचेच्या बारीक मण्यांनी फोडायचं. मग ट्रिप्सिन आणि पित्तक्षार घालायचे, म्हणजे कोंबडीच्या पोटात गेल्यासारखंच! एका ऊसिस्टमधून आठ स्पोरोझॉइट बाहेर पडतात. ते फ्लास्कमधल्या पेशींवर सोडायचे. त्यासाठी गाईच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या एमडीबीके पेशी बऱ्याचदा वापरतात. इन्क्युबेटर ४१ अंशांवर ठेवला, की झालं कोंबडीच्या अंगाचं तापमान. स्पोरोझॉइट पेशीत शिरतात, एक पिढी वाढते आणि बहुतेक वेळा गाडी तिथंच अडते.

१९६५ मध्ये पॅटन यांनी आयमेरिया टेनेला या जातीच्या अलैंगिक अवस्था अशा पेशींत वाढवल्या. १९७० मध्ये डोरान यांनी कोंबडीच्याच मूत्रपिंडाच्या पेशी वापरून नव्या ऊसिस्टपर्यंत मजल मारली. पण फ्लास्कमध्ये मिळणारी ऊसिस्ट अगदीच तुटपुंजी. त्यामुळे जिवंत लशीसाठी लागणारी ऊसिस्ट आजही कोंबड्यांना मुद्दाम संसर्ग देऊन, त्यांच्या विष्ठेतून गोळा करावी लागतात.

मग हा खटाटोप कशाला? औषधांना हा परजीवी दाद देईनासा झालाय, म्हणून. नवं औषध घातल्यावर किती स्पोरोझॉइट पेशीत शिरले, हे फ्लास्कमध्येच मोजता येतं. जे औषध तिथंच फसलं, त्यासाठी कोंबड्या आजारी पाडायची गरज उरत नाही. आता तर कोंबडीच्या आतड्यापासून चिमुकली 'आतडी', म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवून त्यांत प्रयोग सुरू आहेत.

मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी किंवा व्हेटर्नरीला असाल, तर हा प्रश्न वहीत लिहून ठेवा : आतड्यात असं काय आहे, जे फ्लास्कमध्ये नाही? उत्तर शोधणाऱ्याला पोल्ट्रीवाले दुवा देतील. कोंबड्यासुद्धा!