बातमीचा फोटो : चौकटीत काय घ्यावे, काय सोडावे

खानदेशातील लहान गावांत फोटो स्टुडिओ, झेरॉक्स आणि मोबाईल दुरुस्ती ही कामे बहुधा एकाच दुकानात चालतात. रोल धुण्याचे आणि एन्लार्जमेंटचे काम केव्हाच गेले. लग्नसराई सोडली तर पासपोर्ट फोटोवर भागवावे लागते, कारण बाकीचे गिऱ्हाईक मोबाईलने नेले. अशा दुकानात वर्तमानपत्राचा बातमीदार कधी ना कधी येतोच. कालच्या अपघाताचे फोटो आहेत का, आगीचे आहेत का, अशी विचारणा करतो. दुकानदार किंवा त्याच्या हाताखालचा मुलगा फोटो देतो, दुसऱ्या दिवशी तो छापून येतो आणि नव्या धंद्याची सुरुवात होते. एका फोटोचे मानधन फारसे नसते. पण नाव होते, ओळख वाढते, सभा-समारंभांची कामे मिळू लागतात. ज्यांना हे काम नीट शिकायचे आहे अशा होतकरूंसाठी काही गोष्टी येथे देत आहोत.

सरावासाठी लांब जाण्याची गरज नाही. जळगावजवळचे असोदा हे गाव बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून सर्वांना ठाऊक आहे, आणि भरताच्या वांग्यांसाठीही ते प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात, विशेषतः चंपाषष्ठीच्या सुमारास, या वांग्यांना मोठी मागणी असते. समजा, वांग्याचे भाव पडल्याची बातमी आहे आणि तिला फोटो हवा आहे. नवखा माणूस काय करतो? वांग्यांच्या ढिगासमोर शेतकऱ्याला उभे करतो, हातात एक वांगे देतो आणि "इकडे बघा" म्हणतो. असा फोटो वाईट नसतो, पण तो बातमीचा नसतो. तो पासपोर्ट फोटोचा थोरला भाऊ असतो.

बातमीच्या फोटोत काहीतरी घडत असावे लागते. काट्यावर गोणी चढते, आडत्या भाव सांगतो आणि शेतकऱ्याची नजर काट्यावरून आडत्याच्या तोंडाकडे वळते. हा क्षण फोटोचा. तो सांगून येत नाही, म्हणून फोटोग्राफरने तेथे अर्धा तास नुसते थांबले पाहिजे. पहिली दहा मिनिटे लोक कॅमेऱ्याकडे बघतात. मग ते आपल्या कामाला लागतात आणि त्यानंतर खरे फोटो मिळू लागतात.

एकाच प्रसंगाचे तीन अंतरांवरून फोटो घेण्याची सवय लावावी. लांबून एक, ज्यात जागा कळेल, म्हणजे गाड्या, गोण्या, माणसांची गर्दी. मध्यम अंतरावरून एक, ज्यात काटा, आडत्या आणि शेतकरी एवढेच असतील. आणि अगदी जवळून एक, ज्यात मळलेल्या हातातले वांगे किंवा चिठ्ठीवर भाव लिहिणारे पेन दिसेल. संपादकाकडे जागा किती आहे हे आपल्याला माहीत नसते. तिन्ही पाठवले की त्याला निवड करता येते. एक फोटो आडवा आणि एक उभा घ्यावा, कारण वर्तमानपत्राचे कॉलम आपल्या सोयीने बदलत नाहीत.

मोबाईलच्या सेटिंगमध्ये पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांची जाळी आणता येते. ती सुरू ठेवावी. मुख्य माणूस बरोबर मध्यभागी न ठेवता एका उभ्या रेषेवर ठेवला आणि तो ज्या बाजूला पाहतो त्या बाजूला मोकळी जागा सोडली, तर पाहणाऱ्याचे लक्षही तिकडे जाते. हा नियम दगडावरची रेघ नव्हे. दोन माणसे समोरासमोर वाद घालत असतील तर मध्य साधणेच योग्य. पार्श्वभूमीकडे मात्र नेहमी लक्ष द्यावे. डोक्यातून विजेचा खांब उगवलेले किती फोटो छापून येतात ते एकदा मोजून पाहावे! एक पाऊल बाजूला सरकले असते तर काम झाले असते. बोटांनी पडदा ताणून माणूस जवळ आणण्यापेक्षा दोन पावले पुढे जाणे केव्हाही चांगले, नाही तर छपाईत चेहरा पिठासारखा दिसतो. जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बाईचा फोटो उभ्याने काढला की ती लहान आणि लाचार दिसते. गुडघ्यावर बसून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढला की ती विक्रेती दिसते. येथे कॅमेऱ्याची उंची बदलली आणि माणसाविषयीचे मतही बदलले. म्हणूनच मांडणी आणि सचोटी हे दोन वेगळे धडे आहेत असे आम्हांला वाटत नाही.

वर सांगितलेल्या सर्व गोष्टी अचूक जमलेले एक छायाचित्र देशाला ठाऊक आहे. १ मार्च २००२ रोजी अहमदाबादमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार आर्को दत्ता यांनी ते टिपले. दंगलीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लोक अडकले होते. त्यांतला एक तरुण हात जोडून जवानांकडे मदत मागत होता. दत्ता यांनी लांब पल्ल्याच्या लेन्सने त्याला जवळ आणले. जोडलेले हात, पाणावलेले डोळे, डाग पडलेला शर्ट, आणि चौकटीत त्याच्यावरून नजर हटवील असे काही नाही. तो तरुण म्हणजे कुतुबुद्दीन अन्सारी. त्यांचा व्यवसाय शिवणकामाचा. जवानांनी त्या लोकांना बाहेर काढले आणि अन्सारींचा जीव वाचला.

पुढची हकिकत कारागिरांनी लक्ष देऊन वाचावी अशी आहे. ते छायाचित्र जगभर छापले गेले आणि अन्सारी हे दंगलीचा चेहरा बनले. शिवणयंत्रावर बसून चार पैसे मिळवणाऱ्या माणसाला कोणाचाही चेहरा बनायचे नव्हते. अहमदाबाद सोडून ते आपल्या मालेगावला बहिणीकडे आले. तेथे शिलाईचे काम मिळाले, पण वर्तमानपत्रातल्या फोटोवरून ओळख पटली आणि थोड्याच दिवसांत ते काम गेले. पुढे ते कोलकात्याला गेले आणि नंतर परत अहमदाबादला आले. त्यांचा फोटो निवडणुकीच्या प्रचारात वापरला गेला, अतिरेक्यांच्या ईमेलमध्येही वापरला गेला. माझा फोटो वापरू नका, असे त्यांना पुन्हा पुन्हा जाहीरपणे सांगावे लागले. २०१२ मध्ये दत्ता आणि अन्सारी यांची भेट झाली. दत्ता यांनी झालेल्या त्रासाबद्दल खेद व्यक्त केला. अन्सारींनी त्यांना दोष दिला नाही.

मग दत्ता यांनी तो फोटो काढायला नको होता काय? आमच्या मते काढायलाच हवा होता. तो काढला नसता तर त्या दिवशी तेथे काय झाले याचा एक मोठा पुरावा राहिला नसता. चूक त्यानंतरच्या वापरात आहे. बातमीसाठी घेतलेला चेहरा दहा वर्षे पोस्टरवर आणि प्रचारात फिरवणाऱ्यांनी त्या माणसाला एकदाही विचारले नाही. मोठ्या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराच्या हातातही हे उरले नाही, तर गावच्या मुलाच्या हातात ते कितीसे राहणार? पण काही गोष्टी त्याच्या हातात नक्कीच आहेत. चेहरा आवश्यक आहे की पाठमोरा फोटो पुरेल, हे तो ठरवू शकतो. नाव आणि मोहल्ला ओळीत लिहायचा की नाही, हेही ठरवू शकतो. आणि तो फोटो गावच्या दहा व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकायचा की फक्त बातमीदाराला द्यायचा, हे तर सर्वस्वी त्याच्याच अंगठ्यावर आहे.

हा अंगठा किती महाग पडतो ते आपल्या धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात आलेल्या भटक्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. त्या काळात देशभर मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा मोबाईलवरून पसरली होती. सर्वांत जास्त फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीतला. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात असे त्यात दिसते. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी ती फिल्म बनवली होती, आणि शेवटी ते मूल परत आणून देतात व फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. दिसत होते त्यात एकही खोटे दृश्य जोडलेले नव्हते. केवळ एक तुकडा गाळला होता.

फोटो कातरताना हेच आठवावे. दोन पुढाऱ्यांचा हस्तांदोलनाचा फोटो कातरून एकालाच ठेवणे, पन्नास माणसांची सभा जवळून घेऊन हजारांची भासवणे, जुन्या पुराचा फोटो या वर्षीचा म्हणून देणे, या सर्वांची जात एकच. फोटोखालच्या ओळीत तारीख, जागा आणि काय चालले आहे एवढे साधेपणाने लिहावे. "संतप्त जमाव" लिहिण्यापूर्वी तो खरोखर संतप्त होता का, की नुसता जमला होता, हे स्वतःला विचारावे.

संगणकावर उजेड थोडा वाढवणे, वाकडी रेषा सरळ करणे चालते. वस्तू घालणे-काढणे चालत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बैरुतवरील हल्ल्यांच्या फोटोत एका स्वतंत्र छायाचित्रकाराने संगणकावर धूर वाढवल्याचे उघड झाले. रॉयटर्सने त्याच्याशी संबंध तोडला आणि त्याचे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. त्यांतले बहुतेक खरे असतीलही. पण काट्याला एकदा खोट सापडली की आधीच्या सगळ्या मापांवर गिऱ्हाईकाचा विश्वास राहत नाही, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आता धूर बनवायला संगणकाचे ज्ञानही लागत नाही, मोबाईलमधले कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन तो क्षणात बनवते.

कायद्याच्या दोन-तीन बाबी पाठच कराव्यात. बलात्काराच्या पीडितेची ओळख कळेल असे काहीही छापणे गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. चेहरा झाकला पण घराचा दरवाजा आणि दुकानाची पाटी दाखवली, तरी ओळख उघड होतेच. पोलीस प्रकरणातील अल्पवयीन मुलांनाही बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार असेच संरक्षण आहे, मग मूल आरोपी असो वा पीडित. घरगुती दुःखाच्या क्षणी कॅमेरा घुसवणे टाळावे, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या नियमांत आहे. जनाजा असो की अंत्ययात्रा, घरच्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारावे आणि ते नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. बायकांच्या फोटोबाबत तर विचारल्याशिवाय बटण दाबूच नये. होमाई व्यारावाला या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिकल्या. १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडले, ते नव्या छायाचित्रकारांची वागण्याची रीत न पटल्यामुळे.

स्टुडिओवाल्यांसाठी एक खास सूचना. गावातील कोणी तरुण अपघातात गेला की बातमीदार स्टुडिओत येऊन त्याच्या लग्नातला फोटो मागतो. तो देण्याचा अधिकार बहुतेक वेळा आपला नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. तो फोटो आपल्याकडे अमानत आहे. घरच्यांना विचारून द्यावा. उलट, आपण स्वतःहून बाजारात किंवा रस्त्यावर काढलेला बातमीचा फोटो आपला असतो. तो देताना मानधन किती, नाव छापणार का, आणि तो एकदाच वापरणार की पुन्हा पुन्हा, हे आधी ठरवून घ्यावे.

मूळ फाईल कधीही पुसू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसूझा यांनी रेल्वेच्या डब्यांच्या आडून कसाबचे फोटो काढले. ते पुढे न्यायालयात पुरावा ठरले आणि डिसूझा यांनी साक्ष दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यांच्यासह दोन छायाचित्रकारांच्या कामाची प्रशंसा केली. त्याच निकालात, कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांवर कडक ताशेरेही आहेत. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंदही निघून जाते. म्हणून वर्तमानपत्राला पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावा. मूळ फाईल संगणकात आणि एका वेगळ्या डिस्कवर, अशी दोन ठिकाणी ठेवावी. जवळ एक वही ठेवून तीत तारीख, जागा, फोटोतल्या माणसाचे नाव आणि त्याने परवानगी दिली की नाही, हे त्याच संध्याकाळी लिहून टाकावे.