शील मोडले, तर माणूस संपत नाही

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या तळीरामाला आपण हसतो, सिंधूचे हाल पाहून रडतो. सुधाकर दारू सोडतो, पुन्हा पितो. शेवटी घर बुडते.

देवळ्याच्या वस्तीतही आम्ही हेच पाहतो. विहारात पाचवे शील घेतलेला भाऊ पुन्हा पितो, आणि आपण त्याला खोटारडा ठरवतो. पण व्यसन हा आजार आहे. रोज खूप पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडण्याआधीच त्याला सरकारी दवाखान्यात दाखवा. १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनवर फोन मोफत आहे. शील मोडले, तर शिव्या देऊ नका. त्याला पुन्हा घेऊन चला.