शिट्टी कोठून येते?
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या स्नेहसंमेलनात पडदा वर जाण्यापूर्वी एक प्रवेश हमखास होतो. कोणीतरी माईकवर टिचकी मारून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू, थ्री" म्हणतो. मागच्या रांगेतून "येतोय, येतोय" असे उत्तर मिळते आणि ध्वनिवर्धकाची परीक्षा संपते. सुट्टीत मामांच्या लाऊडस्पीकरच्या धंद्यात मदत करताना मीही एवढ्यावरच समाधान मानीत असे. ही परीक्षा अपुरी आहे, हे मला एका शाळकरी मुलीच्या भाषणाने शिकविले.

दहिवलीला गणेशोत्सवात वक्तृत्वस्पर्धा होती. मांडवावर पत्रे, पत्र्यांवर भाद्रपदातला पाऊस आणि यंत्रांपाशी मी. आठवीतली एक मुलगी बोलावयास उभी राहिली. मुद्दा मांडून ती क्षणभर थांबली, की लाऊडस्पीकरमधून कर्कश शिट्टी निघे. ती बोलू लागली की शिट्टी गप्प! दोनदा मुले हसली. त्यानंतर तिने थांबणेच सोडले आणि उरलेले भाषण एका दमात उरकून ती खाली बसली. 'फार घाई केली,' असा परीक्षकांचा अभिप्राय पडला.

रात्री मांडव रिकामा झाल्यावर मी शोधास लागलो. माईकमधला आवाज प्रथम मिक्सरमध्ये, तेथून इक्वलायझरमध्ये, मग कॉम्प्रेसरमध्ये आणि शेवटी ॲम्प्लिफायरमार्गे लाऊडस्पीकरला जातो. लाऊडस्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून वाढत राहिला, की शिट्टी वाजते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला 'लार्सन परिणाम' म्हणतात. पण ती नेमकी विरामातच का वाजावी?

बिघाड शोधण्याची पहिली पायरी म्हणजे मधली यंत्रे बाजूला काढणे. इक्वलायझर व कॉम्प्रेसर या दोहोंवर 'बायपास'चे बटण असते. ते दाबले की आवाज त्या यंत्राची प्रक्रिया न होता सरळ पुढे जातो. दोन्ही यंत्रे अशी वगळली, तेव्हा शिट्टी थांबली. म्हणजे माईक आणि लाऊडस्पीकर निर्दोष होते; दोष आम्ही केलेल्या उपचारात होता.

मग एकेक यंत्र परत जोडले. आमच्या इक्वलायझरवर ३१ सरकती बटणे आहेत. कानाला ऐकू येणारी, सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांची मर्यादा त्यांत वाटून दिलेली असते. आदल्या रात्री नाचगाण्यांसाठी खर्जाची आणि तीव्र स्वरांची बटणे वर चढविली होती. भाषणाच्या वेळी ती तशीच राहिली. त्यामुळे पत्र्यांवरचा पाऊस आणि व्यासपीठावरची धपधपही मोठी होऊन पुढे जात होती.

तरी मुख्य अपराधी कॉम्प्रेसर निघाला. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की हे यंत्र त्याला दाबते. प्रमाण ४ : १ ठेवले, तर पातळीपेक्षा १२ डेसिबल चढलेला आवाज केवळ ३ डेसिबल चढून बाहेर पडतो, म्हणजे ९ डेसिबलची दाब. दबलेला आवाज भरून काढण्यासाठी आम्ही आउटपुटचे बटण तितकेच वाढविले होते. मुलगी बोलत असे तोवर दाब आणि वाढ यांची फिटंफाट होई. ती थांबली, की अर्ध्या सेकंदात दाब सुटे. वाढ मात्र कायम राही. मग पाऊस, कुजबुज आणि लाऊडस्पीकरचा परतलेला आवाज, सारेच ९ डेसिबलने मोठे होत आणि शिट्टी वाजे. तिच्या शब्दांनीच शिट्टी रोखून धरली होती!

उपाय साधे निघाले. लाऊडस्पीकर माईकच्या पुढे सरकविले. माईक तोंडापासून ३० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला, की सुमारे ६ डेसिबल आवाज आपोआप वाढतो, तेवढी यंत्रांची गरज कमी होते. इक्वलायझर सपाट करून आवाज हळूहळू चढविला. शिट्टी ज्या स्वरावर उमटू लागली, तेवढेच बटण ३ ते ६ डेसिबल खाली घेतले. अशी दोन-तीन बटणे पुरतात. दहा खाली ओढली तर शिट्टीबरोबर माणसाचा आवाजही जातो. कॉम्प्रेसरचे प्रमाण २ : १ केले, केवळ चढ्या शब्दांनाच ३-४ डेसिबलची दाब बसेल असे पाहिले आणि आउटपुटची वाढ काढून टाकली.

काही दोष मात्र या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे असतात. मिक्सरमध्येच फाटलेला आवाज पुढे कॉम्प्रेसर शिवून देत नाही. सतत घुमणारी 'हम्म' बहुधा अर्थिंगच्या किंवा वायरींच्या जोडणीतून येते. ती जोडणीच तपासावी. गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग आहेत. तसे कदापि करू नये, जिवावर बेतते. बटण सरकविताना खरखर झाली, तर पावसाळ्यातला दमटपणा व धूळ आठवावी आणि बटण साफ करावे.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आरतीला आली, तेव्हा मी तिला सारे सांगितले. ती म्हणाली, "दादा, मला वाटलं, मीच माईकसमोर चुकीची उभी राहिले." निकाल लागून गेला होता. आयोजकांनाही मी चूक सांगितली. पण गेलेले भाषण परत मिळत नाही.

तेव्हापासून माझी परीक्षा बदलली आहे. "वन, टू, थ्री" म्हणून झाल्यावर मी माईकसमोर पाच सेकंद गप्प उभा राहतो. मित्रहो, येत्या स्नेहसंमेलनात तुम्हीही तसे करून पाहा. वक्त्याला बोलू देणे हे यंत्राचे काम आहेच. त्याला थांबू देणे हेही त्याचेच काम आहे.