उनपदेव : गोमुखातून पडणारी गरम पाण्याची धार

चोपडा–यावल रस्त्यावर केळीच्या बागा मागे टाकत अडावदला यायचं आणि तिथून उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे वळायचं. उनपदेवला दगडी गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. १८८०च्या खानदेश गॅझेटिअरनेही या झऱ्याची दखल घेतली आहे. वनवासात रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा इथे सांगतात. भूशास्त्राचं उत्तर असं: इथे जागता ज्वालामुखी नाही, खडकातल्या भेगांतून खोल मुरलेलं पाणी जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं.

धारेखाली एकदम डोकं धरू नका. आधी हात, मग पाय. साबण-शाम्पू पिशवीतच राहू द्या. जायचं तर थंडीतल्या सकाळीच, गरम पाण्याचं खरं सुख तेव्हा. सुनपदेव आणि नाझरदेव ही याची भावंडंही याच डोंगराच्या कुशीत आहेत.

दुसरा दिवस हाताशी असेल तर एरंडोल तालुक्यातलं फरकांडे बघा. एक मनोरा हलवला की दुसरा आपोआप डोलायचा, अशी तिथल्या झुलत्या मनोऱ्यांची ख्याती. त्यातला एक कोसळला आहे, म्हणून उरलेल्याला हात न लावता लांबूनच बघा.