विश्लेषण : भरलेल्या भंडारदऱ्यात बदकं कमी का? आणि ती मोजायला दरवर्षी तीच मंडळी का हवीत?

नोव्हेंबर उजाडला की पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, ‘आली का?’ नांदूर मधमेश्वर आणि जायकवाडीकडून बदकांचे, करकोच्यांचे फोटो येऊ लागतात. मग अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला सहलीला गेलेला एखादा जण विचारतो, ‘इथे तर धरण काठोकाठ भरलंय, मग पक्षी का दिसत नाहीत?’ या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्या खोलीत आहे. पण ते उत्तर पुढची पन्नास वर्षं खरं राहील का, हे सांगणारे लोक कोण, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. दोन्ही समजून घेऊया.

भंडारदऱ्यात पाणी भरपूर, मग बदकं कुठे?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं भंडारदरा धरण प्रवरा नदीवर आहे. बांधकाम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर, साठवण क्षमता सुमारे ११ टीएमसी. सह्याद्रीच्या डोंगरांमध्ये अडवलेलं हे पाणी अरुंद आणि खोल आहे. बहुतेक ठिकाणी काठावरून दोन पावलं आत गेलं की तळ सुटतो.

थापट्या, तलवार बदक यांसारखी बरीच बदकं बुडी मारत नाहीत. शेपूट वर, डोकं खाली करून तळाचं खातात. त्यांना फूट-दीड फूट पाणी पुरतं, त्याहून खोल पाणी त्यांच्या कामाचं नसतं. शेकाट्या, तुतारी, चिखल्या यांना तर चिखल आणि त्यावर काही इंच पाणी एवढंच लागतं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना भंडारदऱ्यात असे उथळ काठ फार थोडे असतात.

म्हणजे पक्षी नाहीतच असं नाही. पाणकावळे, राखी बगळे, खंड्या, नदी सुरय पाण्यावर दिसतात. शेंडीहून रतनवाडीकडे जाताना कापणी झालेल्या भातखाचरांत धोबी शेपटी हलवत फिरतात. कड्यांवर आणि धरणाच्या दगडी भिंतींवर हिवाळी पाहुणा निळा कस्तुर बसलेला सापडू शकतो. शिवाय परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने जंगलातले पक्षी वेगळेच. पण हजारोंचे थवे इथे उतरत नाहीत.

तेच पाणी खाली गेल्यावर काय होतं?

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. भंडारदरा, निळवंडे, अकोले, संगमनेर, नेवासे असा सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करून प्रवरासंगमला ती गोदावरीला मिळते. तिथून पुढे सुरू होतो जायकवाडीचा फुगवटा, म्हणजे नाथसागर.

दोन्ही धरणांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. पैठणचं धरण ४१ मीटर उंच, म्हणजे भंडारदऱ्याच्या निम्मं. पण त्याची क्षमता शंभर टीएमसीच्या पुढे, म्हणजे नऊपटीहून जास्त. उंची निम्मी आणि पाणी नऊपट, याचा अर्थ पाणी आडवं पसरलंय. नाथसागराचं क्षेत्र साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे. पातळी एखाद्या मीटरने जरी उतरली तरी मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. रोहित, करकोचे, चक्रवाक, चित्रबलाक इथे येतात ते याच काठांसाठी. १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर तर गाळामुळेच नावारूपाला आलं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात हा तोटा, पण पक्ष्यांना त्यातून ताट वाढलेलं मिळालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

पाण्याच्या भांडणात पक्षी कुठे बसतात?

समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानुसार ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय येतो. २०२३ मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात प्रवरा खोऱ्याचाही वाटा होता. वर विरोध आणि खाली मागणी, हे दृश्य दर टंचाईच्या वर्षी दिसतं.

यात पक्ष्यांसाठी वेगळा कोटा नसतो. सिंचनाचं आवर्तन कधी सुटतं, यावर काठ कधी उघडा पडणार हे ठरतं. म्हणून अनुभवी पक्षीनिरीक्षक घरातून निघण्याआधी हवामानाबरोबर धरणाच्या साठ्याची टक्केवारीही पाहतो.

हे पाहुणे येतात कुठून?

बहुतेक मध्य आशियाई उड्डाणमार्गाने. सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान, तिबेट या भागांतून ते भारतात उतरतात. हा मार्ग सुमारे ३० देशांवरून जातो. यातला पट्टकदंब हा हंस हिमालय ओलांडून येतो. संशोधकांनी ट्रान्समीटर लावलेल्या पट्टकदंबाची उंची सात हजार मीटरच्या वर नोंदली गेली आहे. एवढा प्रवास करून आलेला पक्षी उतरायला जागा शोधतो, तेव्हा आपल्या भागात त्याला चिखल मिळतो की नाही, हे आपल्या हातात असतं.

मोजणी नेमकी कशी करतात?

आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. भारतीय उपखंडात ती १९८७ मध्ये सुरू झाली. जानेवारीच का? तोवर स्थलांतर स्थिरावलेलं असतं, त्यामुळे एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याची शक्यता कमी.

पाच हजारांच्या थव्यात एक-एक पक्षी मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे आणि ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं. मग तसे दहा चौकोन म्हणजे शंभर. शंभराचा ठोकळा तयार झाला की तो थव्यावर सरकवत न्यायचा. एक जण स्कोपला डोळा लावतो, दुसरा लिहितो, तिसरा स्वतंत्रपणे मोजतो. आकड्यांत मोठा फरक आला की पुन्हा सुरुवात.

इथे माणसांचा सराव कळीचा ठरतो. नवखा माणूस मोठ्या थव्याचा आकडा सहसा कमी सांगतो. कुणी जास्त सांगतो. पण तोच माणूस त्याच जागेवरून त्याच पद्धतीने दहा वर्षं मोजत असेल, तर त्याची चूकही साधारण सारखीच राहते आणि वर्षा-वर्षांमधला फरक खरा दिसतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत, सेन्सर थोडा चुकीचा असला तरी चालेल, पण तो दरवर्षी बदलू नये.

रिकाम्या यादीला काय किंमत?

भंडारदऱ्यासारख्या ठिकाणांचं महत्त्व इथे कळतं. ईबर्डसारख्या ॲपवर यादी टाकताना एक प्रश्न येतो : दिसलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? उत्तर ‘हो’ असेल तर ती पूर्ण यादी. पूर्ण यादीत जे नाही, ते त्या वेळी दिसलं नाही, हीसुद्धा माहितीच.

समजा, एका धरणावर दहा वर्षांपूर्वी शंभर पूर्ण याद्यांपैकी चाळीस याद्यांत चक्रवाक होता आणि आज शंभरातल्या दहाच याद्यांत आहे. तर काहीतरी बदललं. पण लोक चक्रवाक दिसला तरच यादी टाकू लागले, तर तो प्रत्येक यादीत असेल आणि घट कधीच कळणार नाही.

अडचण अशी की बदकांनी गजबजलेल्या काठावर जायला सगळे तयार असतात. चार पाणकावळे आणि दोन बगळे लिहायला कडाक्याच्या थंडीत दरवर्षी कोण उठेल? एकटा माणूस दोन वर्षं जातो आणि तिसऱ्या वर्षी पांघरूण ओढून झोपतो. पाच जणांचा गट असेल तर चौघं खाली गाडी घेऊन उभे असतात, म्हणून पाचवा उठतो. पक्षी कमी दिसले तरी चहा असतो, गप्पा असतात, गेल्या वर्षीच्या त्याच वादाची नवी फेरी असते. दोस्तीवर चालणारी ही यंत्रणा बंद पडली, की नोंदींत खंड पडतो आणि मागे जाऊन तो भरता येत नाही.

या नोंदींतून आतापर्यंत काय कळलं?

२०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा आहे. त्यासाठी ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. थापट्या, तलवार बदक यांसारखी आपल्याकडे ‘नेहमीची’ मानली जाणारी हिवाळी बदकं आणि मोठा रोहितही घटत असल्याचं त्यात पुढे आलं. एका सकाळी एका काठावर उभं राहून ही घट दिसत नाही. समोर पाचशे बदकं असली की डोळ्यांना ती भरपूरच वाटतात.

निर्णयांमध्येही हे आकडे लागतात. रामसरच्या निकषांपैकी एक म्हणजे त्या जागी ‘नियमितपणे’ २० हजार किंवा अधिक पाणपक्षी असणं, आणि ‘नियमितपणे’ सिद्ध करायला अनेक वर्षांची गणना हवी. जायकवाडीच्या जलाशयावर तरंगत्या सौर पॅनेलचा प्रस्ताव आला, तेव्हा वाद हरित लवादात आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उद्या दुसऱ्या एखाद्या धरणावर असा प्रस्ताव आला, तर ‘इथे पक्षी येतात का?’ याचं उत्तर आज कुणी लिहून ठेवलेल्या यादीतच शोधावं लागेल.

नेहमीच्या मंडळींचे अलिखित नियम कोणते?

काठावर शिक्षक, डॉक्टर, निवृत्त बँक कर्मचारी, कॉलेजची मुलं, गावातले गाइड असे सगळे भेटतात. ‘काका’, ‘सर’, ‘ताई’, ‘दादा’ यापलीकडे कुणाचं पद सहसा विचारलं जात नाही. काही शिरस्ते मात्र सगळीकडे सारखे :

• स्कोप एकाचा, पाळी सगळ्यांची. ज्याने पक्षी शोधला, तो आधी शेजाऱ्याला दाखवतो.

• नवख्याच्या हातात वही. लिहिता लिहिता नावं पाठ होतात आणि मोजणाऱ्याचे डोळे थव्यावरून हटत नाहीत.

• ‘नक्की नाही’ म्हणायला लाज नाही. बदकांच्या माद्या ओळखताना मुरलेलेही अडखळतात. खात्री नसेल तर ‘बदक, प्रजाती अनिश्चित’ असं लिहायचं.

• तरुण कान, जुने डोळे. वयानुसार बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. मुलं आवाज पकडतात, मोठी माणसं उडण्याच्या ढबीवरून नाव सांगतात. म्हणून गटात दोन पिढ्या हव्यात.

• घरट्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही. फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला पुढच्या वेळी गाडीत जागा मिळत नाही.

गावातल्या माणसाचं स्थान यात वेगळं. शहरातला गट महिन्यातून एखाद्या रविवारी येतो. नांदूर मधमेश्वरच्या चापडगावात किंवा भंडारदऱ्याच्या काठी राहणारा माणूस पाणी रोज बघतो. पहिला थवा कधी उतरला, हे बहुधा त्यालाच आधी कळतं. यादीत त्याचं नावही यायला हवं.

पहिल्यांदा जायचं असेल तर?

• कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयाच्या वेळी. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारीख डॉ. सालिम अलींचा.

• कुठे : बदकांचे थवे हवे असतील तर नांदूर मधमेश्वर किंवा जायकवाडी. जंगल, कडे आणि पाणी एकत्र हवं असेल तर भंडारदरा. तिथे नाताळ आणि ३१ डिसेंबरची तंबूंची गर्दी टाळा.

• काय न्यायचं : ८×४२ ची दुर्बीण पुरते. ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. महागडा कॅमेरा गरजेचा नाही. भडक कपडे, स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा.

• काय लिहायचं : जागा, वेळ सुरू, वेळ संपली, किती चाललो, दिसलेले सगळे पक्षी आणि धरणाची पाणीपातळी.

एक जागा निवडा आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा तिथेच जा. कुणी आधीपासून मोजत असेल तर त्यांच्याबरोबर उभे राहा. पहिल्या दिवशी हातात वही मिळाली, तर समजा तुम्हाला गटात घेतलंय.