चर्चेविना मंजूर

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात नामदार गोखले अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हाती मताचा अधिकार नव्हता. १८९२ च्या कायद्याने सभासदांना केवळ बोलण्याची मुभा दिली होती. खर्चातील एक रुपयाही कमी करण्याची सत्ता त्यांना नव्हती. तरीही तिजोरीतील शिल्लक हे जनतेच्या सुबत्तेचे नव्हे, तर जादा करांचे लक्षण आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ मध्ये तो कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. याचे सारे श्रेय एका भाषणास देता येणार नाही. तथापि सरकारला आकड्यांचा जाब द्यावा लागला, हे निर्विवाद.

आज स्थिती नेमकी उलट आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ ने विधानसभेस खर्चाच्या मागण्या मान्य करण्याचा, नाकारण्याचा वा त्यांत कपात करण्याचा अधिकार दिला आहे. मत आहे, चर्चा मात्र आटत चालली आहे. मागण्यांसाठी राखलेले दिवस गोंधळात, सभात्यागात आणि तहकुबीत सरतात. अखेरच्या दिवशी ठरलेली वेळ झाली, की उरलेल्या खात्यांच्या मागण्या एकापाठोपाठ मतास टाकल्या जातात आणि चर्चेविना मंजूर होतात. संसदीय परिभाषेत यास ‘गिलोटिन’ म्हणतात. कचेरीतील कारकुनाला प्रवासभत्त्याच्या बिलावर तीन सह्या घ्याव्या लागतात. येथे कोट्यवधी रुपये एका ‘होय’च्या घोषात संमत होतात.

दोष एकाच बाकाचा नाही. गोंधळाची बातमी होते, अभ्यासपूर्ण कपात सूचनेची होत नाही, हे विरोधकांनी ओळखले आहे. आणि चर्चा टळली तर अडचणीची उत्तरेही टळतात, हे सरकारने. आपण मतदार तरी काय करतो? आमदाराकडे आपण रस्ता मागतो, बदली मागतो. शिक्षण खात्याच्या मागणीवर आपण काय बोललात, असे किती शिक्षक त्यांना विचारतात?

उपाय अज्ञात नाहीत. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये मोठ्या विधानसभांनी वर्षाकाठी किमान ९० दिवस बसावे, अशी शिफारस केली होती. बहुतेक राज्ये त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. केरळने १९८० मध्येच विषयवार समित्या नेमून खात्यांच्या मागण्या सभागृहापूर्वी तपासण्याची प्रथा पाडली. इतर राज्यांनीही तिचे अनुकरण करावयास हवे.

गोखल्यांपाशी मत नव्हते, म्हणून त्यांनी युक्तिवाद धारदार केला. आपल्या प्रतिनिधींपाशी मत आहे, म्हणून युक्तिवादाची गरज उरली नाही, असे त्यांना वाटत असेल, तर पुढच्या निवडणुकीपूर्वी त्यांचा हा गैरसमज दूर करणे हे आपलेच काम आहे.